कॉम्प्युटर सुरू होताना मधेच अडकतो: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीला बसून मला वीसेक वर्षं झाली. फोन उचलला की पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो, रात्रीपर्यंत चांगला होता की!" दुसरंही ठरलेलं, "फॉरमॅट मारायला लागंल का?" (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं का.) तो अडकला कुठं, हे मात्र कुणीच सांगत नाही, आणि मला नेमकं तेच हवं असतं. कुठं अडकला ते कळलं की अर्धं काम झालं. निम्म्या वेळा मशीन घेऊन यायचीही गरज उरत नाही. म्हणून लोक रोज जे विचारतात ते इथं लिहून ठेवलंय. बहुतेक मजकूर घरातल्या डेस्कटॉपचा आणि विंडोज १० किंवा ११ चा आहे. लॅपटॉपचं शेवटाकडे थोडं आहे.

हँग झालाय की नुसता हळू चाललाय, कसं ओळखायचं?

कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागला-विझला तर आत कुणीतरी जागं आहे. चार वेळा दाबूनही दिवा जागचा हलला नाही, तर अडकलंय. (बिनवायरच्या कीबोर्डला बऱ्याचदा दिवाच नसतो. तेव्हा घरात पडलेला जुना वायरचा कीबोर्ड लावून बघा.)

दुसरी खूण डब्यावरच (ज्याला सगळे सीपीयू म्हणतात, त्यावर) असते, पॉवरच्या दिव्याशेजारचा बारका दिवा. तो हार्ड डिस्कचा. लुकलुकत असेल तर काम चालू आहे, थांबा. एकसारखा पेटून राहिला असेल तर डिस्क झगडतेय. अजिबात लागत नसेल आणि स्क्रीनही हलत नसेल, तर आता वाट बघण्यात अर्थ नाही.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज १० उघडायला चार-पाच मिनिटं सहज जातात. तेवढ्यात चहा टाका. वीस मिनिटांनीही तीच स्क्रीन असेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बंद होईल. भिंतीवरचा स्विच खटकन पाडायची सवय मोडा.

तो कुठं अडकलाय, हे तुम्हाला फोनवर कसं सांगू?

मशीन सुरू होताना ठरलेल्या पायऱ्या चढतं. बटण दाबल्यावर आधी पॉवर सप्लाय, म्हणजे आमच्या भाषेत एसएमपीएस, बोर्डाला (मदरबोर्ड, आतली मुख्य पाटी) वीज देतो. मग बोर्ड स्वतःची तपासणी करतो: प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, डिस्प्ले आहे का. हे सगळं काळ्या स्क्रीनमागं चालतं. ते जमलं की कंपनीचा लोगो दिसतो. त्यानंतर बोर्ड डिस्क शोधून तिच्यावरचं विंडोज उठवतो, आणि लोगोखाली गोल फिरणारे ठिपके दिसायला लागतात. मग लॉगिन, मग डेस्कटॉप.

म्हणजे काही दिसायच्या आधीच अडकला तर रॅम, पॉवर, डिस्प्ले असल्या सामानाकडे बघायचं. लोगो आला पण ठिपके नाहीत, तर डिस्क, तिची केबल किंवा बाहेरून लावलेलं काहीतरी. ठिपके फिरतायत, तर गडी विंडोजपर्यंत पोचला. आता ड्रायव्हर (सामान आणि विंडोज यांच्यातला दुभाषी प्रोग्राम), अपडेट किंवा खराब होत चाललेली डिस्क. लॉगिननंतर अडकला, तर बहुधा सुरुवातीलाच उठणारे प्रोग्राम.

मला एवढंच सांगा: "लोगो आला, ठिपके नाही आले." बाकी कुंडली मी मांडतो.

फॅन फिरतोय, दिवा लागलाय, पण स्क्रीन काळीच. काय करू?

आधी मॉनिटर. हसू नका, गौरी-गणपतीच्या आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर माझ्याकडे येणाऱ्या मशिनांत निम्मा दोष केबलचा असतो. टेबल सरकवलं, झाडून घेतलं, वायरी परत खोचल्या. डब्याला वेगळं डिस्प्ले कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डातच जायला हवी. बोर्डावरच्या वरच्या जागेत खोचली तर बहुतेक मशिनांत स्क्रीन काळीच राहते.

वायर बरोबर असेल तर संशय रॅमवर. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी ओली की रॅमच्या सोनेरी पट्टीवर बारीक थर बसतो. डोळ्याला दिसत नाही, पण जोडणी तुटते. ह्यावर औषध घरातच असतं, पोराच्या दप्तरातला पांढरा खोडरबर.

डब्याची वायर भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद नको, वायरच काढा. मग पॉवरचं बटण दोन-चारदा दाबा, आत उरलेली वीज जाते. डाव्या बाजूचा पत्रा उघडा. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा. अंगातली स्थिर वीज रॅमला मारू शकते. बोटभर उंचीची उभी पट्टी दिसेल, ती रॅम. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की ती वर येते. (काही बोर्डांवर एकाच टोकाला खिट्टी असते.) ती कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. वर्तमानपत्रावर आडवी ठेवून दातांवरून रबर हलक्या हातानं फिरवा, दोन्ही बाजूंनी. घासघास करायची नाही. रबराचा चुरा कोरड्या कापसानं किंवा मऊ ब्रशनं झाडा. तोंडानं फुंकर मारू नका, फुंकरीतली वाफ परत तोच ओलावा देते. खाचेला खाच जुळवून रॅम सरळ खाली दाबा. खिट्टीचा "टक्" असा आवाज यायला पाहिजे. आवाज आला नाही तर बसली नाही.

दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. एकीवर चालू आणि दुसरीवर नाही, तर चोर सापडला. नवी घ्यायची असेल तर जुनी बरोबर न्या. रॅमच्या पिढ्या असतात, डीडीआर३ च्या जागेत डीडीआर४ बसत नाही. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, आणि ती बसवायचा हट्ट करणारेही मी पाहिलेत.

आत टूं टूं वाजतंय. ते काय सांगतं?

पूर्वी हे सोपं होतं. एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक. लांब बीप परत परत म्हणजे बहुधा रॅम. एक लांब आणि दोन-तीन छोट्या म्हणजे बहुधा डिस्प्ले. "बहुधा" म्हणतो, कारण बोर्डागणिक बीपची भाषा बदलते. तुमच्या बोर्डाचं पुस्तक बघा. नव्या डब्यांत तर बझरच नसतो. त्याऐवजी बोर्डावर चार बारके दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, बूट. ज्याच्यावर दिवा अडकून राहिला, दोष तिथं. पत्रा उघडून मोबाइलवर फोटो काढा आणि मला पाठवा.

कंपनीचा लोगो येतो आणि तिथंच थांबतो. ठिपके येतच नाहीत.

माऊस-कीबोर्ड सोडून यूएसबीत खोचलेलं सगळं काढा. पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर, चार्जिंगला लावलेला मोबाइलसुद्धा. बोर्ड त्यातूनच विंडोज उठवायला बघतो आणि तिथंच ताटकळतो. पोस्टर-पत्रिका करणारे एक डीटीपीवाले काका एकदा पूर्ण डबा रिक्षात घालून घेऊन आले. मी लावला तर तीस सेकंदांत चालू. घरी नेला तर बंद. परत आणला, परत चालू. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, लग्नपत्रिकांचा पेनड्राइव्ह महिनाभर खोचलेला होता. दुकानात आणताना ते तेवढा काढून ठेवायचे.

तरी नाही झालं तर सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा (काही मशिनांत एफ१० किंवा एफ१). बायोसची, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगची, स्क्रीन येईल. तिथं तुमच्या डिस्कचं नाव दिसतंय का, एवढंच बघा आणि काही न बदलता बाहेर या. नाव दिसत नसेल तर डिस्क गेली किंवा तिची साटा केबल सैल झाली. ही बोटभर रुंदीची चपटी केबल असते. दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवा. जुनी केबल वाकून वाकून आतून तुटते. नवी अगदीच स्वस्त, घरात एक जादा ठेवायला हरकत नाही.

रोज सुरू करताना तारीख चुकीची दाखवतो आणि "एफ१ दाबा" म्हणतो.

बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा. घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो बदला आणि तारीख लावा. तारीख मागं गेली की वेबसाइटही उघडत नाहीत आणि लोक उगीच नेटवाल्याला शिव्या घालतात.

ठिपके फिरतच राहतात, पुढं जात नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

पहिलं, विंडोजला स्वतःच दुरुस्त व्हायची संधी द्या. ठिपके फिरताना पॉवर दाबून बंद करा, परत चालू करा, परत तसंच. सुरू व्हायचा प्रयत्न लागोपाठ फसला की पुढच्या वेळी विंडोज आपणहून निळी दुरुस्तीची स्क्रीन उघडतं. एफ८ दाबायचा जुना उपाय विंडोज ८ पासून आपोआप चालत नाही, त्यावर बोटं झिजवू नका.

त्या स्क्रीनवर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथं पहिल्यांदा स्टार्टअप रिपेअर. काही वेळा एवढ्यात काम होतं. बऱ्याचदा "दुरुस्त करता आलं नाही" असं येतं, घाबरू नका. मग त्याच यादीतल्या स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन रीस्टार्ट करा आणि आकड्यांची यादी आली की ४ दाबा. हा सेफ मोड. ह्यात विंडोज अगदी गरजेपुरतं सामान घेऊन उठतं. स्क्रीन ओबडधोबड दिसेल, चारी कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलेलं असेल. नेहमी पिन टाकत असाल तर खरा पासवर्डही लिहून ठेवा, तिथं कधी पिन घेत नाही.

सेफ मोडमध्ये चालू झाला म्हणजे डिस्क आणि बोर्ड बहुधा ठीक, भांडण वरच्या मजल्यावर आहे. मग स्वतःला विचारा, बिघडायच्या आदल्या दिवशी काय टाकलं? नवा प्रिंटर, डिस्प्लेचा ड्रायव्हर, फुकटचा अँटिव्हायरस? एका मशिनात दोन अँटिव्हायरस हा आपल्याकडचा लाडका रोग. एक विकतचा, एक भाच्यानं टाकलेला. दोघंही दारात उभं राहून एकमेकांची झडती घेत बसतात. एक काढा.

जुलै २०२४ मधला गोंधळ आठवत असेल. १९ तारखेला क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि जगभरातली विमानतळं, बँका अडकल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर थांबले होते. घरगुती कॉम्प्युटरला त्याचा त्रास नव्हता. पण उपाय कोणता होता? बऱ्याच ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. एवढंच.

सेफ मोडही येत नसेल तर त्याच यादीतल्या अनइन्स्टॉल अपडेट्समधून शेवटचं अपडेट काढा. सिस्टिम रिस्टोअर आधीपासून चालू असेल तर मागच्या तारखेवर न्या. बऱ्याच घरांत ते बंदच असतं.

बंद करून चालू केला तरी तेच. काय उपयोग?

विंडोज ८ पासून "शट डाउन" म्हणजे पूर्ण बंद नव्हे. लवकर उठता यावं म्हणून विंडोज आपला गाभा डिस्कवर तसाच गुंडाळून ठेवतं आणि सकाळी उलगडतं. त्यालाच फास्ट स्टार्टअप म्हणतात. गुंडाळलेल्यातच गाठ असेल तर सकाळी गाठच उलगडते. "रीस्टार्ट" केलं की मात्र सगळं नव्यानं उठतं. रीस्टार्टनं बरा आणि शट डाउननं बिघडतो, असं दिसलं तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असेल तर फरकही फारसा जाणवणार नाही.

अपडेट चालू असताना वीज गेली.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की हे फोन सुरू होतात. ढग गडगडायला लागले, मशीनवर "बंद करू नका" लिहून आलंय, आणि वीज गेली. वीज आल्यावर पुन्हा चालू करा आणि निदान तासभर हात लावू नका. विंडोज बऱ्याचदा अर्धवट अपडेट स्वतःच मागं घेतं. टक्के एकाच आकड्यावर थबकलेत म्हणून मधे बंद केलं की मग खरंच बिघडतं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर धीर धरा.

आणि घरात छोटा यूपीएस घ्या. त्यावर तासभर काम करायचं नाही, बंद करायला पाच मिनिटं मिळावीत एवढ्यासाठी घ्यायचा. त्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. वीज जाताच यूपीएस मशीनसकट बसत असेल, तर तो आता नुसता जड प्लग झालाय.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. ह्याचा संबंध आहे का?

आहे. घराला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनच्या सॉकेटला दोनच वायरी जोडलेल्या मी पाहिल्यात. असल्या मशिनांत यूएसबी अधूनमधून मरतं, मशीन कारण नसताना अडकतं. वायरमनला बोलवा. हे माझं काम नव्हे आणि तुमचंही नव्हे. एसएमपीएसचा डबा तर कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही आत वीज साठून असते.

सुरू होतो, दोन मिनिटांत आपोआप बंद होतो.

प्रोसेसर तापतोय. त्यावरचा फॅन फिरतोय का बघा. जाळीत धुळीचा गालिचा झालेला असतो. मशीन बंद करून, वायर काढून, फॅनचं पातं बोटानं धरा, मग ब्रशनं धूळ काढा. खालची पांढरी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर बदलावी लागते. बोर्डावरच्या पिंपासारख्या कपॅसिटरची डोकी फुगलीत का, तेही बघा. सपाट पाहिजेत. फुगली असतील तर मशीन माझ्याकडे आणा.

रंकाळ्याजवळच्या एका घरात मी असंच मशीन उघडलं, तर बोर्डाच्या पिनांवर पाल चिकटून वाळलेली. उबेला येतात बिचाऱ्या. मागच्या रिकाम्या पट्ट्या काढून उघड्या ठेवू नका.

स्क्रीन काळी, पण माऊसचा बाण दिसतो.

विंडोज उठलंय, डेस्कटॉप मांडायचा राहिलाय. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबा आणि टास्क मॅनेजर उघडा. फाइल मेनूतून नवीन टास्क घेऊन एक्सप्लोरर चालू करा. बाणही दिसत नसेल तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. डिस्प्लेचा ड्रायव्हर जागच्या जागी परत सुरू होतो. ह्यातलं काहीतरी बऱ्याचदा चालतं, पण रोज करायला लागत असेल तर ड्रायव्हर बदला.

निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतोय. हे काय नवीन?

बिटलॉकर. तुमची डिस्क कुलूपबंद आहे. विंडोज ११ च्या नव्या मशिनांत मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की हे कुलूप आपोआप लागतं आणि मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललं, ते अपडेट केलं किंवा बोर्ड बदलला, की मशीन अनोळखी माणसासारखी किल्ली मागतं. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, तिथं ४८ आकडे सापडतील. खातं कुणाचं हेच आठवत नसेल, तर मीही काही करू शकत नाही आणि कुणीच करू शकत नाही. म्हणून मशीन चांगलं असतानाच ते आकडे कागदावर उतरवा आणि रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा.

आतून टक्-टक् आवाज येतो, मग अडकतो.

बंद करा. आत्ता. फिरत्या हार्ड डिस्कमधून एकसारखा टकटकाट म्हणजे वाचणारा हात जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाही. प्रत्येक वेळी चालू करताना उरलेला डेटा कमी होण्याचा धोका असतो. "अजून एकदा बघू" म्हणत दहादा चालू करणारे लोक मग माझ्यापुढं फोटो मागत बसतात. ह्या अवस्थेत चेकडिस्कही चालवू नका. चेकडिस्क चांगल्या डिस्कवरच्या चुका सुधारायला असतं, मरणाऱ्या डिस्कला ते पळवून पळवून मारतं. डेटा महत्त्वाचा असेल तर डिस्क काढून डेटा काढणाऱ्याकडे न्या. टकटक नाही, नुसती हळू आहे, अशी डिस्क दुसऱ्या मशीनला यूएसबीनं जोडून आधी डेटा उतरवा, मग काय ते प्रयोग करा.

फॉरमॅट मारावं लागेल का?

लागेल तेव्हा लागेल, पण तो पहिला उपाय नव्हे. आमच्या धंद्यात तो पहिला झाला, कारण त्यात डोकं लागत नाही आणि पैसे ठरलेले असतात.

माझं सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका निवृत्त मास्तरांचं मशीन आलं. ठिपक्यांवर अडकलेलं. मी विचारलं, "डेटा कुठं आहे?" ते म्हणाले, "डी ड्राइव्हला." मी सी फॉरमॅट मारला, विंडोज टाकलं, संध्याकाळी दिलं. दुसऱ्या दिवशी ते आले आणि शांतपणे म्हणाले, "डेस्कटॉपवर एक फाइल होती." दोन वर्षं रोज सकाळी श्रीलिपीत (मराठी टायपिंगचा प्रोग्राम) टाइप केलेला घराण्याचा इतिहास. डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं, आणि मी विचारलं नव्हतं. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी "डेटा कुठं आहे" विचारत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, टॅलीचा फोल्डर हे सगळं न विचारता बाजूला काढतो आणि मगच हात लावतो. तुमच्या दुरुस्तीवाल्याला हेच करायला सांगा. डीटीपी करणाऱ्यांनी फॉन्टचा फोल्डर आणि श्रीलिपीचा डोंगलही (प्रोग्राम चालायला मशीनला खोचायची किल्ली) सांभाळा. त्याशिवाय जुन्या फाइली उघडल्या तरी अक्षरांच्या जागी कोळ्याची जाळी दिसेल.

विंडोजमध्येच "रीसेट धिस पीसी" आहे. त्यात "कीप माय फाइल्स" घेतलं तर फाइली राहतात, प्रोग्राम जातात. आणि विंडोज जुन्यावरच नव्यानं टाकलं असेल तर सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर बघा. जुनं सामान त्यात असतं, पण साधारण दहा दिवसांत तो आपोआप पुसला जातो. तेव्हा हळहळण्यात आठवडा घालवू नका.

पुराचं पाणी आत गेलं होतं. वाळवलाय, चालू करू का?

नको. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा ही चूक करून आलेली मशीन मी ढिगानं पाहिली. पुराच्या पाण्यात गाळ असतो. पाणी वाळतं, गाळ राहतो. बोर्ड धुऊन, वाळवून कधीकधी वाचतो. हार्ड डिस्क भिजली असेल तर तिला वीज द्यायचीच नाही, तशीच डेटा काढणाऱ्याकडे न्यायची.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या गल्ल्यांत राहत असाल तर ३९ ऐकताच डबा माळ्यावर चढवा. मॉनिटर राहू द्या, डबा आधी. त्यातच सगळं असतं.

मशीन जुनं आहे. दुरुस्त करू की नवं घेऊ?

फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, ह्या एका खर्चात आठ-दहा वर्षांचं मशीन तरुण होतं. जुनी डिस्क ठीक असेल तर तिची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करता येते, काही परत टाकावं लागत नाही. अडचण एकच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट्सची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्डातली सुरक्षेची सोय) लागतं, ते बऱ्याच जुन्या बोर्डांत नसतं. तुमच्या बोर्डात असूनही बायोसमध्ये बंद असू शकतं, नवं मशीन घ्यायच्या आधी तेवढं बघून घ्या.

लॅपटॉप असेल तर?

चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. एवढ्यानं बरेच उठतात. पुढचं विंडोजचं सगळं वरच्यासारखंच. खालचा पत्रा घरी उघडू नका. टचपॅड वर आलंय किंवा बूड फुगलंय, तर आत बॅटरी फुगलीय. वापरणं आणि चार्ज करणं थांबवा.

दुकानात नेताना काय बरोबर आणू?

फक्त डबा. मॉनिटर, वायरी, माऊस घरी राहू द्या. जिथं अडकतो त्या स्क्रीनचा फोटो, लॉगिनचा पासवर्ड, आणि "हे फोल्डर गेले तर मी मेलो" अशी दोन ओळींची चिठ्ठी. काही बदललं तर जुना पार्ट परत मागा, लाजू नका. एका मुलीला कुठंतरी "बोर्ड गेला" म्हणून नव्याचा आकडा सांगितला होता. माझ्याकडे आल्यावर रबरानं रॅम पुसली, एवढंच काम निघालं. तिच्याकडून मी पैसे घेतले नाहीत, रबर तिचाच होता.

डब्यावर थाप मारली की सुरू होतो. तसंच चालवू का?

कुठंतरी जोड सैल आहे. रॅम, साटा केबल किंवा बोर्डावरचा तडकलेला सोल्डरचा टाका. थापेनं तो क्षणभर जुळतो. आत फिरती डिस्क असेल तर चालू असताना मारलेली थाप तिला लागते, तेव्हा मारायचीच झाली तर बंद असताना. आणि आज रात्री सुरू झाला की सिनेमा लावू नका, डेटा उतरवून घ्या. मोठा पेनड्राइव्ह नसेल तर माझ्याकडचा न्या. फक्त परत आणून द्या, मागचे दोन अजून आलेले नाहीत.